एक गाळायची, एक घुसवायची

आमच्या समोरच्या दारात गुडघेबाई राहते. तिचं खरं नाव आम्ही सगळे विसरलोय आणि सही करताना तीही क्षणभर थांबते. ज्याचे गुडघे करकरतात तो एकेका पायरीवर देवाचं नाव घेत तिच्या दारापर्यंत येतो, आणि दीड-दोन महिन्यांनी तोच माणूस जिन्यावर मला मागे टाकून वर जातो. तिच्या औषधाचा माझ्याकडचा पुरावा एवढाच.

औषध म्हणजे तपकिरी चूर्ण. कृती सासूची. सासूने जायच्या आधी एका दुपारी दार लावून, खिडकी लावून, सात वस्तू सुनेच्या कानात सांगितल्या. कुठे लिहिलेलं काही नाही. मी वीस वर्षं वासावरून शोध घेतोय. सुंठ आहे हे शिंकेवरून कळतं, हळद आहे हे तिच्या नखांवरून. त्यापुढे माझी मजल गेली नाही, कारण गुडघेबाई ताकास तूर लागू देत नाही. माल पाच दुकानांतून आणते, म्हणजे एकाच दुकानदाराला सगळं कळायला नको. वर दोन वस्तू उगाचच विकत घेते आणि घरी आणून फेकून देते. दूधवाला हसला तर म्हणते दुधात पाणी आहे. नाही हसला तर म्हणते, आज जास्तच आहे.

अशा बाईच्या दारात एक दिवस प्रयोगशाळेतली संशोधक उभी राहिली. तिशीतली, हातात जाडजूड वही. मी तिला लगेच वहीवाली म्हणायला लागलो.

"आमचं काम जरा उलटं चालतं, मावशी," ती म्हणाली. "एरवी औषध आधी प्रयोगशाळेत जन्मतं, मग माणसापर्यंत येतं. तुमचं तर माणसं कधीचीच घेतायत. म्हणून आधी त्यांना खरंच बरं वाटतं का, काही त्रास होतो का, ते बघायचं. मग मागे मागे जात शोधायचं, की हे कशामुळे."

"मागे मागे जात माझ्या डब्यांपर्यंत."

"हो, शेवटी तिथपर्यंत."

"बघा भावजी, तोंडाने कबूल केलं!" गुडघेबाई माझ्याकडे वळली. मी अर्थातच तोपर्यंत त्यांच्या दारात पोचलेलो होतो.

तिची भीती सरळ होती. औषध हातातून गेलं, की कोणीतरी ते चकचकीत डबीत भरणार आणि हिला उंबऱ्यावरही कोणी विचारणार नाही. पण येणाऱ्या माणसांना बघू नको असं ती सांगणार कसं? वहीवालीने सहा महिने त्यांना आमच्या व्हरांड्यात घड्याळ लावून चालवलं. किती पायऱ्या चढता, रात्री किती वेळा जाग येते, डॉक्टरची कुठली गोळी चालू आहे, सगळं वहीत. ज्यांना ढिम्म फरक पडला नाही त्यांचंही वहीत.

"ह्याचं कशाला लिहिता? हा पथ्य पाळत नाही."

"तेही लिहिते, मावशी."

शेवटी तिने कृती विचारली. गुडघेबाईने आढेवेढे न घेता सात नावं सांगितली, वर चहा पाजला. मला तिथेच संशय आला. वहीवाली जिना उतरली आणि ही पदर तोंडाला लावून हसायला लागली.

"आमच्या घरची रीत आहे, भावजी. परक्याला सांगायचं तर एक गाळायची, एक घुसवायची. सासूबाई सांगायच्या, सरळ नाही म्हटलं की माणूस खणत बसतो. चुकीचं दिलं की खूश होऊन घरी जातो."

वहीवाली खूश होऊन गेली, पण महिन्याभराने परत आली. "तुम्ही सांगितलेलं आम्ही बनवलं. आणि तुमच्या लोकांकडून उरलेल्या पुड्याही मागून घेतल्या. दोन्ही जुळत नाहीत. सांगितलेली एक वस्तू पुडीत नाहीच, आणि पुडीतली एक सांगितलेली नाही."

"पुड्या दिल्या?" गुडघेबाई भडकली. "मेल्यांना मी चालायला लावलं ते प्रयोगशाळेपर्यंत चालत जायला?"

पण चोरी उघडी पडली होती, आणि वहीवाली रागावली नाही हे तिला जास्त लागलं. तिने दात-ओठ खात खऱ्या सात वस्तू सांगितल्या. शेवटची मेथी होती. मेथी! वीस वर्षं माझ्या नाकाला ती सापडली नव्हती.

मग बरेच महिने काही नाही. "पळाली," गुडघेबाई रोज म्हणायची. एका सकाळी वहीवाली कागदांची चळत घेऊन आली. प्रयोगशाळेत काचेच्या ताटल्यांत पेशी ठेवतात, म्हणे. सूज आणणारं जे द्रव्य त्या सोडतात, ते चूर्णाने खरोखर कमी झालं होतं. पुढे त्यांनी दर वेळी एकेक वस्तू वगळून पाहिली.

"सुंठ काढली की परिणाम घटतो. मेथी काढली की आणखी घटतो. सात वस्तूंपैकी सहांचं असंच. फक्त ते काळं बी काढलं तर काहीच बिघडत नाही. चांगलंच आहे की, एक काम कमी."

गुडघेबाई मटकन खाली बसली. ते काळं बी दगडासारखं. दोन-दोन तास कुटावं लागतं. त्यानेच तिचा उजवा खांदा कायमचा धरलाय. वहीवालीला वाटलं चक्कर आली, ती पाणी आणायला धावली. तेवढ्यात माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

"वहिनी, घुसवलेली?"

"घुसवलेली," ती म्हणाली. "म्हणजे गाळलेलीही आहे. अठ्ठावीस वर्षं माझ्या हातचं जेवली, भावजी, आणि जाताना मला परकी धरून गेली."

वहीवालीने पाण्याबरोबर एक अर्ज पुढे केला. त्यावर सही केली की कृती गुडघेबाईच्या नावाने नोंदली जाणार होती, म्हणजे उद्या कुठल्या कंपनीला ती आपली म्हणता येणार नव्हती. दोन वर्षं गुडघेबाईला जी भीती होती, तिच्यावर हाच उतारा. खाली छापलेलं: 'वरील कृती पूर्ण व खरी आहे.' पेन कागदावर टेकलं आणि तिथेच राहिलं.

दुसऱ्या दिवशी ती मला साक्षीदार म्हणून घेऊन नणंदेकडे गेली. नणंदेने दार अर्धंच उघडलं.

"वन्सं, आईंनी तुम्हाला चूर्णाचं काय सांगितलं होतं?"

"मला? मला बाई काहीच नाही."

"मग गॅलरीत ही साल कसली वाळतेय?"

"माझे पाय दुखतात."

"आणि मी मेले का? माझ्याकडे नाही यायचं?"

"तुझ्याकडे नको ग, वहिनी. तू काय घालतेस कुणास ठाऊक."

अर्ध्या तासाने दोघी लिहायला तयार झाल्या, पण आधी कोण दाखवणार? दोन्ही कागद माझ्या हातात आले. एवढा मान मला बायकोनेही कधी दिला नाही. मी शेजारी शेजारी धरून वाचले. नणंदेकडे काळं बी नव्हतं. पाच वस्तू सारख्या. वर एक साल आणि एक मूळ, जी गुडघेबाईला ठाऊकच नव्हती.

"बघितलंस?" नणंद फुलली. "मी पोटची मुलगी. मला खरं सांगितलं."

"मेथी कुठाय?" गुडघेबाईने विचारलं.

"मेथी कसली?"

"तीच, जी काढली की औषध लंगडं होतं. तसं छापून आलंय कागदावर."

नणंदेने माझ्या हातातून कागद ओढून पुन्हा वाचला. मेथी नव्हती. म्हणजे तिचीही एक गाळलेली, आणि साल व मूळ यांतलं एक घुसवलेलं. उरलेलं ते गुडघेबाईला न मिळालेलं. कुठलं, ते सांगणारी भिंतीवरच्या फोटोत.

"परक्या घरी जाणार म्हणून," नणंद हळूच म्हणाली. "मलाही."

इतक्या वर्षांत गुडघेबाईचा चेहरा इतका प्रसन्न मी पाहिला नव्हता. मग तिलाच लाज वाटली असावी. तिने नणंदेचा हात धरला आणि म्हणाली, "चला, चपला घाला."

तिघं प्रयोगशाळेत गेलो. गुडघेबाईकडे सालीची पुडी, नणंदेकडे मुळाची. एकमेकींच्या हातात द्यायला कोणी तयार नव्हती. वहीवालीने दोन्ही घेतल्या, वजन केलं, चिकटपट्टी लावली. "सहा महिने तरी लागतील, मावशी. तोवर अर्ज थांबवू?"

"थांबवू नका. आणा इकडे."

गुडघेबाईने 'पूर्ण' या शब्दावर काट मारली. नणंद खांद्यावरून वाकून एकेक अक्षर तपासत होती.

"'खरी' राहू दे ना?" वहीवालीने विचारलं.

"तेही काढते," गुडघेबाई म्हणाली, आणि वरच्या मोकळ्या जागेत सावकाश लिहिलं, 'मला अशी सांगितली. तपासून घ्यावी.' मग क्षणभर थांबून सही केली आणि पेन नणंदेकडे सरकवलं. "तुम्हीही करा, वन्सं. आधी नीट वाचा."