आईच्या समाधीचा दगड

आप्पांना ते पुस्तक रद्दीत सापडलं. तेलगावात आमचं किराणा दुकान आहे, आप्पा आणि मी, बाप नि मुलगी दोघं मिळून चालवतो. पुड्या बांधायला किलोवर रद्दी घेतो, तिच्यात ते आलं. कव्हर गेलेलं, जाडजूड, येशूच्या गोष्टींचा आतला, गुप्त अर्थ सांगणारं. आई जाऊन फार दिवस झाले नव्हते. आप्पांनी त्या पुस्तकाची पानं फाडली नाहीत, वाचत बसले, आणि माझ्या डोक्याला ताप सुरू झाला.

त्या पुस्तकात कशाचाच अर्थ सरळ नव्हता. क्रूसाचं उभं लाकूड म्हणजे वर चढणारा श्वास, आडवं म्हणजे संसार, आणि माणूस त्या सांध्यावर खिळलेला. दार लावून प्रार्थना करायची म्हणजे डोळे-कान आत वळवायचे. आप्पा साखर जोखता जोखता हे सांगायचे. गिऱ्हाईक मान डोलवायचं, साखर घ्यायचं आणि बाजारात जाऊन सांगायचं, की आप्पा किरिस्ताव झाले. काका लई भडकले. मग आप्पा शंका विचारायला बीडला एका पाद्र्याकडे गेलते. त्या बिचाऱ्यानं चहा पाजला आणि हात जोडून सांगितलं, की आमच्यात असलं काही शिकवत नाहीत. घ्या! मला तर हसूच आवरेना.

पण गाडी समाधीच्या दगडापाशी येऊन अडली, तेव्हा माझं हसू पळालं.

आम्ही लिंगायत. आमच्यात जाळत नाहीत, माणसाला बसवून पुरतात. दीक्षेपासून गळ्यात असलेलं त्याचं इष्टलिंग स्वामी, म्हणजे आमचे पुजारी, मागून घेऊन त्याच्या तळहातावर ठेवायला लावतात. पुढं माती बसली, की वर चौथरा बांधून दगड बसवायचा. आईला आमच्या शेताच्या बांधाशी बसवलंय. पलीकडून उसाचे ट्रॅक्टर जातात, माती सारखी खचते, कुत्री उकरतात. मी मांजरसुंब्याहून काळा दगड घडवून आणला, आईचं नाव कोरून. आप्पा म्हणाले, नको. कावून, तर पुस्तकात थडग्याची गोष्ट होती. सकाळी बायका गेल्या, बघतात तर तोंडावरची धोंड सरकलेली आणि आत कुणी नाही. पुस्तकवाला विचारतो, थडग्यात बसलेलं कोण होतं? तर म्हणे वाचणारा स्वतःच. म्हणून वर धोंड नको.

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. परक्या धर्मातली गोष्ट, तिचाही कुणीतरी काढलेला तिरका अर्थ, आणि त्यापायी माझ्या आईनं उघड्यावर राहायचं? मी आप्पांशी बोलणं टाकलं. काका म्हणाले, ते पुस्तक आधी चुलीत घाल. तेवढं मात्र माझ्या हातून होईना. शेवटी मी गवंडी बोलावला, टेम्पोत दगड घातला आणि सरळ शेत गाठलं.

आप्पा आधीच तिथं मातीवर मांडी घालून बसलेले. गवंड्यासमोरच मी त्यांना नाही नाही ते बोलले. तुमाला आईची काही पर्वा हाय का न्हाई, असंही विचारलं. त्यांनी सदऱ्याचं बटण काढलं आणि गळ्यातली लिंगाची चांदीची डबी बाहेर ओढली. डबीला एका कडेनं पोचा होता. तो पोचा मला लहानपणापासून माहीत होता. डबी आईची होती.

"दवाखान्यात तिला मशीनीत घालताना डबी काढली, ती पिशवीतच ऱ्हायली," आप्पा म्हणाले. "इथं स्वामींनी लिंग मागितलं, तवा मी गळ्यातलं माझं काढून तिच्या हातावर ठेवलं. तिथं मी बसलोय, माय. दगड नको ठेवू."

आमच्यात इष्टलिंग म्हणजे माणसाचा प्राण. ते कुणाचं कुणाला देत नाहीत, हरवलं तर स्वामींकडून नवं बांधून घेतात. आप्पांनी हे कुणालाच सांगितलं नव्हतं. आईचं लिंग गळ्यात घालून हा माणूस गिऱ्हाइकं करत होता, आणि आपण मातीखाली आहोत असं त्याला रोज वाटत होतं. पुस्तकानं त्याला काही शिकवलं नव्हतं. त्याला जे वाटत होतं, तेच त्यात छापलेलं निघालं, आणि ते बोलून दाखवायला आम्ही कुणी जवळ नव्हतो.

मी विचारलं, मग कधी ठेवायचा?

"माझ्या वेळेला हिचं लिंग माझ्या हातात दे. मला हिच्याशेजारी बसव. मग खुशाल ठेव."

गवंड्याला परत पाठवलं. काका अजून आमच्याकडे येत नाहीत. माती खचली, की मी घमेल्यानं भर टाकते. दगड दुकानामागं आडवा पडलाय. तो कधी बसणार ते आता मला ठाऊक आहे, म्हणून मी तिकडे बघतच नाही.

परवा आप्पा चहाचा कप घेऊन मागं गेले आणि त्याच दगडावर टेकले. आईच्या नावाशेजारी, आरामात.

"आधी उठा तिथून," मी एवढ्यानं ओरडले, की गिऱ्हाइकाच्या हातातली पिशवी पडली. आप्पा कप सावरत उठले. मी आतून त्यांना खुर्ची आणून दिली.