चिमणाबाईचं ताट

दुर्कसबाई भोरे म्हणजे कदमवाडीकडच्या ख्रिस्ती मंडळीचा आधार. जन्म नर्सच्या नोकरीत गेला. कुणाच्या घरी बाळंतीण असो की मयत, डबा घेऊन पहिल्या हजर त्याच. महिला मंडळाच्या अध्यक्षही त्याच. दरवर्षी मंडळात त्या आपल्या आज्याची गोष्ट सांगायच्या. आजऱ्याकडच्या गावात आज्याला लोक पाणी वरून ओंजळीत ओतायचे. मिशनच्या माणसांनी त्याला पहिल्यांदा आपल्या पंगतीला बसवलं, आणि तिथंच तो येशूचा झाला. ऐकणाऱ्या बायका डोळ्यांना पदर लावायच्या.

यंदा पिकापाण्यासाठी देवाचे आभार मानायच्या, उपकारस्तुतीच्या सणाला बाईंनी चिमणाबाईला बोलावलं. ही राजेंद्रनगरात राहणारी विधवा, आवाजानं मोठी. बाईंच्या घरी अंगण झाडायला आणि संडास-बाथरूम धुवायला यायची. "ये गं. आमच्यात त्या दिवशी सगळे एका पंगतीला जेवतात," बाई म्हणाल्या. चर्चच्या पाळकसाहेबांच्या बायकोला, पाळकीणबाईंना, हे किती आवडेल, हेही त्यांच्या मनात येऊन गेलंच.

लोकांनी देवाला म्हणून आणलेल्या भोपळ्यांचा, कोंबड्यांचा, उसाच्या मोळ्यांचा लिलाव उरकला आणि चर्चच्या देवळामागच्या मांडवात प्रीतिभोजनाच्या पंगती बसल्या. दुर्कसबाईंनी चिमणाबाईला हाताला धरून आपल्या शेजारी बसवलं. समोर पाळकीणबाई होत्या. बाईंची सून अनुजा ताटं मांडत आली. चिमणाबाईनं आपल्यापुढचं ताट बाजूला सारलं आणि कापडी पिशवीतनं एक पोचे आलेली थाळी न् कान तुटलेला कप काढला.

"मावशी, हे कशाला? ताटं आहेत की सगळ्यांना," अनुजा म्हणाली.

"असू दे की. बाईंच्यात माझा कप मागच्या कट्ट्यावर वेगळाच असतोय. मला वाटलं, क्रिस्तावांत तशी रीतच हाय. तुमची पंचाईत नको म्हणून घरनंच घिऊन आली."

तिचा आवाज मांडवभर गेला. वाढपी रश्श्याची बादली घेऊन जागच्या जागी थांबले. कुणीतरी फिसकन हसलं. पाळकीणबाई मान खाली घालून भाताकडं बघत राहिल्या.

"अगं, ते जंतूंमुळं. तू संडासाचं काम करतीस ना, म्हणून..." दुर्कसबाई पुटपुटल्या.

"आनि तुम्ही जलमभर दवाखान्यात पेशंटांची भांडी उचलली, तवा जंतू सुट्टीवर हुते व्हय?" चिमणाबाई मोकळी हसली. तिच्या मनात काही नव्हतं. तिनं आपल्याच थाळीत रस्सा मागून घेतला आणि पोटभर जेवली. दुर्कसबाईंचं ताट तसंच राहिलं.

दुसऱ्या दिवशी चिमणाबाई कामाला आली तर आत टेबलावर चहा मांडलेला. पाहुण्यांसाठीच्या कपबश्या, शेजारी बिस्किटं.

"आत ये. बस इथं."

चिमणाबाई उंबऱ्याबाहेरच थांबली. "आज कशापायी? काल लोकांनी ऐकलं म्हणून?"

"नाही गं! माझ्या मनात कधीचंच होतं," दुर्कसबाई चटकन बोलून गेल्या. बोलल्या आणि कानशिलं तापली. मनात कधीच नव्हतं. कालचं चिमणाबाई चारचौघांत बोलली नसती, तर आजही काही बदललं नसतं.

"बरं," चिमणाबाई म्हणाली आणि झाडू घेऊन मागल्या दारी गेली. आठवडाभर चहा तिनं बाहेरच घेतला. बाईंनीही पुन्हा आत बोलावलं नाही. तेवढं तोंडच उरलं नव्हतं.

रविवारी देवळात प्रभुभोजन होतं, येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घ्यायचा विधी. पाळकसाहेब नेहमीप्रमाणं म्हणाले, कुणाच्या मनात कुणाविषयी अढी असेल, कुणाचं मन दुखावलं असेल, तर आधी ते मिटवा आणि मग पुढं या. हे वाक्य बाईंनी इतक्यांदा ऐकलं होतं की ते आपल्यासाठी असेल असं कधी वाटलंच नव्हतं. बायकांची ओळ उठली. एरवी सगळ्यांत पुढं असणाऱ्या दुर्कसबाई बाकावरच राहिल्या.

"आई, चला ना. लोक बघतायत," अनुजा कुजबुजली.

"बघू दे," बाई म्हणाल्या. चिमणाबाईला दुखावलं, हे एक वेळ कबूल करता आलं असतं. पण वर तिच्याशी खोटं बोलून त्या इथं आल्या होत्या, आणि ते त्यांना गिळता येत नव्हतं.

उपासना संपली तशी त्या रिक्षा करून राजेंद्रनगरात गेल्या. चिमणाबाई दारात लसूण सोलत बसली होती.

"बाई? कोन आजारी हाय का?"

"कुणी नाही." वाटेत जुळवलेलं सगळं बाई विसरल्या. "त्या दिवशी तू विचारलंस. लोकांनी ऐकलं म्हणूनच मी तुला आत बोलावलं. मनात कधीचंच होतं म्हणाले, ते खोटं."

चिमणाबाईचे हात थांबले. "म्हायती हाय की मला."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलायचं? समद्या बंगल्यांत तसंच हाय. तुम्हाला तरी मी कुठं येगळं धरलं हुतं?"

येशूच्या नावानं इतकी वर्षं मिरवून झाल्यावर या बाईच्या लेखी आपण इतरांसारख्याच. दुर्कसबाईंना वर बघवेना. "मला माफ कर," त्या म्हणाल्या.

चिमणाबाईनं लसणीची सालं झटकली.

"आत्ता खरं बोललासा. माफीचं बघू, ती काय लगीच हुतीया व्हय? उद्या कामाला येती मी. आत बसायचं का न्हाई, ते माझं मी ठरवीन."

"बरं," दुर्कसबाई म्हणाल्या, आणि रिक्षा मिळेपर्यंत भर उन्हात चालत राहिल्या.