हनुवटीवरचे तीन ठिपके

माझ्या मुलीच्या हनुवटीवर गोंदणाचे तीन ठिपके होते, त्यातला मधला जरा वाकडा. तिच्याआधीची माझी दोन्ही लेकरं पाळण्यातच गेली होती. आमच्या गावाकडे अशा घरात पुढचं लेकरू झालं की त्याचा चेहरा मुद्दाम थोडा बिघडवतात, म्हणजे मरण त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाही. ठिपका वाकडा पडला तेव्हा सासूबाईंना हायसं वाटलं. मी तेव्हाही गडचिरोलीच्या शाळेत विज्ञान शिकवत होते. तरी गोंदणारी बाई सुया टोचत होती तोवर लेकराला मांडीवर घट्ट धरून बसले. आजही बसेन.

आता ती नागपूरला एका हॉटेलात रिसेप्शनवर असते. फावल्या वेळात मोबाइलवर कोरियन शिकते आणि कोरियातली एक मैत्रीणही तिनं जोडली आहे. त्या मुलीनं शाळा संपल्या संपल्या पापण्यांची शस्त्रक्रिया करून घेतली, तीही आईनं दिलेलं बक्षीस म्हणून. लेकीनं मला हे दातांना तार लावल्याच्या थाटात सांगितलं. तिथं कुणी लपवत नाही, म्हणे. नोकरी शोधायची तर चेहराही तयारीतच धरतात. काही मुली या सगळ्याला वैतागून मेकअप फेकून देतात, केस बारीक कापतात. मैत्रिणीचं म्हणणं, त्यांचं बरोबरच आहे, पण मला नोकरी हवी होती.

मग हळूच विषय ठिपक्यांवर आला. ते काढायचे होते.

मी भडकले. आईबापानं दिलेल्या तोंडावर सुरी चालवायची लाज कशी वाटत नाही, असं बरंच काही बोलले.

"तू नाई का चालवली सुई?" ती म्हणाली. "मी जगाव म्हणून चालवली ना? मलेबी जगाचंच आहे."

मला जास्तच राग आला. हॉटेलातले पाहुणे ठिपके बघून तिला विचारतात, कोणत्या जंगलातून आलीस. त्यांचाही राग आला. पण खरी होती ती भीती, आणि ती मी बोलू शकत नव्हते. विज्ञानाच्या बाईनं पोरीला काय सांगायचं, की ठिपके गेले तर मरणाला तुझा चेहरा दिसेल?

एवढंच म्हटलं, मैत्रिणीच्या आईला काय वाटलं ते विचार. उत्तर आलं की आईनं मुलीचे जुने फोटो भिंतीवरून काढून कपाटात ठेवलेत आणि अधूनमधून कपाट उघडून बसते. लेकीला हसू आलं. मला त्या न पाहिलेल्या बाईशेजारी जाऊन बसावंसं वाटलं.

शेवटी मीच तिच्यासोबत नागपूरच्या दवाखान्यात गेले. लेझरला बऱ्याचदा यावं लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं. हिला कुठला धीर. कापूनच टाका म्हणाली. मी बाहेर बाकावर बसून राहिले. हनुवटीला पट्टी लावून ती आली, माझ्याकडे बघून हसायला गेली आणि टाके ओढले तशी थांबली.

तिला चार दिवस घरी घेऊन निघाले. नागभीड सुटल्यावर बस जंगलाला लागली आणि ती गोळीच्या गुंगीत खिडकीला डोकं टेकून झोपली. इतकी गप्प झोपली की मला पाळणा आठवला. त्या दोन लेकरांचा श्वास चालू आहे का, हे मी सारखी बघायचे. न राहवून मी तिच्या नाकाखाली बोट धरलं. श्वास लागला. तरी बोट काढवेना.

तिनं डोळे उघडले नाहीत. ओठ फारसे न हलवता म्हणाली, "जित्ती आहो मी, आई. झोपू दे."

मी हो म्हटलं. बोट मात्र आरमोरी येईस्तोवर तिथंच होतं.