आरएम म्हणजे रूम नव्हे

प्राप्तीचं कुठे निभावेल की नाही, ही काळजी माझ्या मनातून जात नाही. माझी मुलगी बावीस वर्षांची आहे, हुशार आहे, आणि न केलेल्या चुकीची माफी मागत नाही. दुसरीत असताना बाईंनी फुटलेल्या काचेसाठी तिला उठाबशा काढायला सांगितल्या, तर ही शाळा सुटेपर्यंत बाकापाशी ताठ उभी राहिली. शेवटी बाईच थकल्या. तेव्हा मला कौतुक वाटलं होतं. आता झोप लागत नाही, म्हणून लिहीत बसले आहे.

नागावात माझ्या थोरल्या चुलत जाऊबाई विनितावहिनी होमस्टे चालवतात. नारळाच्या वाडीत पाच खोल्या. दीड वर्षापासून तिथलं बुकिंग प्राप्ती सांभाळते. काउंटरवरचा कॉम्प्युटर इतका जुना की नवीन विंडोज त्याला झेपेना. वहिनी तो भंगारात द्यायला निघाल्या होत्या. प्राप्तीने त्यात विंडोजऐवजी लिनक्स टाकली, तीही बिनचित्रांची. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं, माउस नाही, जे हवं ते टाइप करायचं. प्रत्येक खोलीची एक फाइल, आणि फाइलींची नावं नुसती 1, 2, 3, 4, 5. जोराचा वारा सुटला की आमच्याकडे नेट जातं आणि फोनमधली ॲपं गोल गोल फिरत बसतात. हा मात्र अर्ध्या मिनिटात कामाला लागतो.

वहिनींसाठी तिने एका पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहून भिंतीला चिकटवलं होतं. ls म्हणजे कुठल्या फाइली आहेत ते दाखव. cat 3 म्हणजे तीन नंबरमध्ये कोण आहे ते दाखव.

"खोलीत मांजर सोडून बघायचं व्हय गो?" वहिनी हसायच्या. "आणि ते माणसांना बोचकारलं तर?"

पण शिकल्या. गिऱ्हाइकांना कौतुकाने दाखवायच्यासुद्धा.

गेल्या शनिवारी तीन नंबरसाठी दोन कुटुंबं एकाच वेळी फाटकात उतरली. एक पुण्याचं, एक ठाण्याचं, दोन्हीकडे लहान मुलं. पुण्याच्यांचं बुकिंग प्राप्तीने स्वतः घेतलेलं. ठाण्याच्यांना वहिनींनी गुरुवारी फोनवर होकार दिलेला. त्या दिवशी प्राप्ती अलिबागला दाढ काढायला गेली होती. फाटकात आरडाओरडा झाला, पुण्याची मंडळी तणतणत निघून गेली आणि जाता जाता इंटरनेटवर वाईटसाईट लिहून गेली. कॉम्प्युटरमध्ये बघितलं तर 3 नावाची फाइलच नाही.

वहिनींनी सगळ्यांसमोर सांगितलं, "हिनंच पुसली. काळा पडदा आणलान, तवाच मी बोलली होती."

प्राप्तीने history टाइप केलं. आधी दिलेल्या सगळ्या आज्ञा तो कॉम्प्युटर लक्षात ठेवतो. त्या यादीचा फोटो तिने घरी येऊन मला दाखवला. एका ओळीत लिहिलं होतं: rm no 3.

"आई, हे वाच. असं कोण लिहितं?"

मी वाचलं आणि मला हसूच आलं. आमच्या किनाऱ्यावर होमस्टेवाले सगळेच असं लिहितात. रजिस्टरमध्ये, व्हॉट्सॲपवर, चावीच्या लाकडी ठोकळ्यावर. रूम नंबर तीन. वहिनींनी खोली रिकामी आहे का बघायला सवयीने तेच टाइप केलं, पण त्या कॉम्प्युटरच्या भाषेत rm म्हणजे पुसून टाक. तो पुन्हा विचारत नाही. त्याने 3 ही फाइल पुसली, आणि no नावाची फाइल काही सापडत नाही, असं इंग्रजीत कळवलं. वहिनींनी त्यातलं 'नो' तेवढं वाचलं. नो म्हणजे खोलीत कोणी नाही. आणि ठाण्याच्यांना या म्हणून सांगितलं.

"मग दाखव ना काकूला."

"दाखवलं. म्हणाली, यंत्राचं काय, तू सांगशील ते लिहील."

वहिनींनी निरोप धाडला: रविवारी चार माणसांत माफी माग, नाहीतर सोमवारपासून येऊ नकोस. प्राप्तीचे बाबा ट्रक घेऊन जेएनपीटी बंदरात होते. फोनवर म्हणाले, "सॉरी बोलायला काय तोंड दुखतंय तिचं?" मलाही तेच वाटलं. घरचं माणूस, घराजवळचं काम, उगाच वाकडं कशाला? प्राप्तीला न विचारता मी वहिनींना फोन केला आणि सांगून टाकलं, येईल ती, मागेल माफी.

आज जेवताना ते तिला सांगितलं. तिने हातातली भाकरी खाली ठेवली.

"कुठल्या चुकीची?"

"कुठल्याही. काकू मोठी आहे."

"माझी एक चूक आहे, आई. पुठ्ठ्यावर cat लिहिलं, rm ला हात लावू नका हे लिहिलं नाही. ते मी चार काय, चाळीस माणसांत सांगेन. काकूने मुद्दाम केलं असंही मी म्हणत नाही, मीपण चिठ्ठीवर आरएमच लिहिते. पण फाइल मी पुसली, हे मी बोलणार नाही."

"काम जाईल."

"जाऊ दे. उद्या दुसरीकडे विचारतील, का सोडलं? मी काय सांगू, मला पुसायचं आणि बघायचं यातला फरक कळत नाही?"

मी बी.ए. झाले, दहा वर्षं पतपेढीत काम केलं, आणि दुसऱ्यांच्या किती चुका हसून स्वतःच्या नावावर घेतल्या. त्यामुळे लोकांनी मला चांगलं म्हटलं, हे खरं. पण नंतर काहीही हरवलं की आधी माझ्याच टेबलाकडे बघायचे, हेही खरं.

ती आत जाऊन झोपली. तिची काळजी मला अजून आहेच. पण माफीचा शब्द तिने दिलेला नाही, मी दिलाय, आणि तो परत घ्यायचं काम माझं आहे. शनिवारी पाहुण्यांमुळे विनितावहिनी एक वाजेपर्यंत जाग्या असतात. सकाळपर्यंत थांबले तर मी पुन्हा गोड बोलेन, म्हणून आत्ताच फोन लावते. सांगते, वहिनी, उद्या पोरगी येईल, पण माफी मागायला नाही. मीही सोबत येतेय, आणि ती ओळ चार माणसांत मी मोठ्याने वाचणार आहे.