बन्सीभाऊंची नमुनेवाडी

बन्सीभाऊंच्या गळ्यात माळ नव्हती, पेनड्राइव्ह होता. मेंढीच्या लोकरीचा काळा दोरा, तोही स्वतः वळलेला, आणि त्याला लोंबणारा पेनड्राइव्ह. आमच्या कलेक्टर कचेरीतल्या पाणीटंचाई शाखेची सगळी पत्रं त्याच्यात होती: टँकर मंजुरी, विहीर अधिग्रहण, अर्ज परत, कारणे दाखवा. गाव आणि तारीख बदलली की पत्र तयार. मागायला गेलं की भाऊ दोरा काढत, पेनड्राइव्ह सदऱ्याला पुसत आणि विचारत, “कापायला नेतीस का पाळायला?”

मी नोकरीला लागून आठवडा झाला होता. मला काय कळणार, कप्पाळ!

भाऊ सोयगावकडचे, मेंढपाळाच्या घरातले. संगणक त्यांना चाळिशीनंतर भेटला आणि तो त्यांनी आपल्या पद्धतीनं माणसाळवला. मूळ नमुना म्हणजे आई. तिची प्रत काढून काम करायचं. ती प्रत म्हणजे कोकरू. “आईवर कातर चालवायची नाय. कोकरू घ्यायचं, त्याला दुसरं नाव द्यायचं, मग काय भादरायचं ते भादर.” मेंढरं दुसऱ्याच्या कळपात मिसळली तर ओळखू यावीत म्हणून पाठीवर रंगाचा पट्टा ओढतात, तसे बदलायचे शब्द ते लाल करून ठेवत. “लाल ते बदलायचं. काळ्याला हात लावायचा नाय.”

बघता बघता सगळी शाखा हीच भाषा बोलू लागली. एकदा बायपासपलीकडच्या नव्या वसाहतीचे अध्यक्ष टँकर मागायला आले आणि दारातच थबकले. आतून शेजारच्या टेबलावरचा कारकून मला म्हणत होता, “मॅडम, तुमची आई द्या जरा, माझी बिघडलीय.” मी म्हणाले, “न्या, पण तासाभरात परत आणा.” ते गृहस्थ हळूच मागे फिरले आणि बाहेरच्या बाकावर जाऊन बसले.

दुष्काळाची लागोपाठची वर्षं होती ती. तेव्हाच्या औरंगाबादेत जिकडे बघावं तिकडे नव्या इमारती उठत होत्या आणि तालुक्यातालुक्यातून गावंच्या गावं पाणी मागत होती. भाऊ म्हणत, “शहर वाढलं लई, पर पानी हाय तेवढंच. वाढतोय तो आपला कागूद.”

नमुन्यात रिकामी जागा ते कधीच ठेवत नसत. टिंबं ठेवली की लोक टिंबांसकट पत्र पाठवतात, हा त्यांचा अनुभव. म्हणून टँकरच्या आईत त्यांनी एक अख्खं खोटं गाव वसवलं होतं: ‘मौजे नमुनेवाडी, लासूर स्टेशनपासून नऊ किलोमीटर, डांबरी रस्ता सोडून आत, दररोज दोन खेपा.’ सगळं लालभडक.

एका सकाळी प्रिंटर रुसला. दुरुस्त झाला की नाही ते बघायला मी आईच छापली. आमच्या प्रिंटरला काळ्याशिवाय रंग ठाऊक नव्हता. तो कागद त्या दिवशीच्या सात मंजुऱ्यांच्या गठ्ठ्यात गेला आणि साहेबांनी आठ सह्या ठोकल्या.

पंधरवड्यानं टँकरच्या खेपांची वही तपासताना भाऊ मध्येच थांबले. “पोरी, नमुनेवाडीत रोज दोन खेपा पडायल्यात.”

खाली पाणी मिळाल्याचे अंगठेसुद्धा होते! भाऊंनी ड्रायव्हरला बोलावून घेतलं. तो म्हणाला, “भाऊ, एक दिवस नुसता फिरलो. कोनालाच ठाव नाय. दुसऱ्या दिशी डांबरी सोडून आत गेलो, तर एक म्हातारी टँकरच्या म्होरं हुबी. म्हनलं, नमुनेवाडी कुठं? ती म्हनली, हीच की. आधी पाइप सोड.”

मी रडवेल्या आवाजात विचारलं, “मंजुरी रद्दचा नमुना उघडू का?”

“दम खा. आपन वसवल्यालं गाव हाय, बघून तरी येऊ.”

बसनं लासूर स्टेशन, पुढे वडाप जीप, मग पायी. पंधरावीस खोपटं, निष्पर्ण बाभळी, काट्यांच्या कुंपणात उरलीसुरली मेंढरं. ती म्हातारी समोरच बसली होती.

“आजे, गावाचं नाव काय?” भाऊंनी विचारलं.

“परवापातुर काईच नव्हतं. आता नमुनेवाडी.”

“कोनी ठिवलं?”

“सरकारनं. कागूद हाय डायवरपाशी.”

भाऊ इतके हसले, इतके हसले की त्यांना धोंड्यावर बसावं लागलं. म्हातारी मात्र हसली नाही. “हसा बापा, पर टँकर बंद करू नगा. सुना दोन कोस जात व्हत्या घागरी घिऊन.” मग आत जाऊन तिनं एक पत्र्याची डबी आणली. “तीनदा अर्ज दिला आमी. तिन्ही डाव माघारी. वाच की काय लिवलंय.”

भाऊंनी वाचलं: ‘सदर अर्जात गावाचे नाव नमूद नसल्याने अर्ज मूळ कागदपत्रांसह परत करण्यात येत आहे.’ त्यांचं हसू विरलं. तिन्ही कागद त्यांनी पुन्हापुन्हा उलटून पाहिले.

“हे आपलंच कोकरू हाय गं,” ते मला हळू आवाजात म्हणाले.

कचेरीत आल्यावर भाऊंनी कोरा कागद घेतला आणि हातानं पत्र लिहायला बसले. नमुना न उघडता त्यांनी लिहिलेलं मी पाहिलेलं ते एकच पत्र. चारदा खाडाखोड झाली. ‘ही चूक माझ्या नमुन्याची आहे. टँकर थांबवू नये. वस्तीची पाहणी करून नाव नोंदवावे.’

“भाऊ, चूक तर माझी आहे,” मी म्हणाले.

“गप बस. आई कोनाची?”

दुसऱ्या दिवशी आस्थापनेचा कारकून येऊन घुटमळत उभा राहिला. “भाऊ, कारणे दाखवाची आई पाहिजे होती.”

“कोनाला काढायचीय?”

“तुम्हालाच.”

भाऊंनी दोरा गळ्यातून काढला, पेनड्राइव्ह सदऱ्याला पुसला आणि पुढे केला. “ने. लालमधी माझं नाव टाक. अन् हुद्दा पुरा लिही, मागून तुला अडचन नको.”

साहेब चिडले होते खरे, पण पाहणीला स्वतः गेले. नमुनेवाडीचा टँकर एक दिवसही थांबला नाही आणि ते नाव कागदोपत्री लागलं. भाऊंच्या सेवापुस्तकात मात्र लाल शाईचा शेरा बसला. मला फार वाईट वाटलं. ते म्हणाले, “लाल हाय न? मग बदलंल कवा तरी.” तो कधीच बदलला नाही.

निवृत्तीच्या दिवशी त्यांनी तो दोरा माझ्या हातात ठेवला. “मागंल त्याला देत जा. नाय म्हनू नको.” सगळ्यांच्या संगणकांवर आपापल्या प्रती होत्याच, म्हणून मी तो खणात जपून ठेवला. दोन वर्षांनी सोयगावहून भाऊ गेल्याचा फोन आला. मी टेबलावर डोकं टेकून रडले. समोर एक अर्ज पडला होता, नेमका गावाचं नाव नसलेला. भाऊंची फार आठवण आली म्हणून खणातून पेनड्राइव्ह काढला आणि त्यातली ‘अर्ज परत’ची आई उघडली.

ते जुनं वाक्य तिथं नव्हतंच. पानावर एकच ओळ होती: ‘आधी जाऊन बघून यावे.’

ओळ काळ्या रंगात होती. मी अर्ज पिशवीत टाकला, पाण्याची बाटली घेतली आणि बसस्टँडकडे निघाले.