लिहिलेलं एक, गायचं दुसरं

माणसाला लाज म्हणून काही असावी की नाही? चुडामण अठरा वर्षांपूर्वी भडगाव सोडून दुसरीबरोबर सुरतेला गेला, तेव्हा त्याची पोरगी दिपमाला चार वर्षांची होती. आणि परवा, पोरगी जपानला म्हाताऱ्यांची सेवा करायच्या नोकरीवर चालली हे कळताच हा गडी कडक इस्त्रीत हजर! सत्काराच्या मांडवात पहिल्या खुर्चीवर. गालात गुटखा. शी!

पोरीला वाढवलं ते तिच्या आईनं, माझ्या शेजारणीनं, यशोदानं. शाळेत खिचडी शिजवते, सुटीत कापूस वेचायला जाते. सातवी शिकलेली. दिपमाला गाणी लावून जपानी शिकायची, तेव्हा ही चुलीपाशी बसून ऐकायची. एकदा पोरगी म्हणाली, "आई, या लोकांची तऱ्हाच न्यारी. गाण्याच्या कागदावर अक्षरं 'विश्व'ची, त्यांच्या डोक्यावर बारीक अक्षरात 'आकाश', आणि गाणारा 'आकाश'च म्हणतो. लिहिणाऱ्याच्या मनात असेल ते."

"हा कसला चावटपणा!" मी म्हटलं.

यशोदा मात्र हसली. "माले समजनं. रेशन कार्डवर यास्नं नाव शे. मी कव्हय लिधं का? 'दिपाना बाप' आसंच वाचस." खरंच, नवऱ्याचं नाव तिनं आजवर कधी तोंडातून काढलं नव्हतं.

सत्कार आमच्या बचत गटानंच ठेवला होता. सन्मानचिन्ह यशोदाच्या हाती दिलं आणि निवेदक म्हणाले, "आईंनीच वाचून दाखवावं." लगेच चुडामण उठला, कॉलर नीट करत फोटोसाठी तिच्या खांद्याला खांदा लावून उभा राहिला. काय म्हणावं या निर्लज्जाला! काचेवर सोनेरी अक्षरं होती, 'कु. दिपमाला चुडामण पाटील'. बायका कुजबुजल्या, आता ही नवऱ्याचं नाव घेते की काय.

यशोदानं माईक धरला. "दिपमाला यशोदा पाटील."

"अहो अक्का, चुडामण लिहिलंय," निवेदक हळूच म्हणाले.

"लिखेल शे ते माले दिसस, भाऊ. पन हिले मी मोठी करी."

चुडामण तोंड वासून उभा. दिपमाला आईच्या पाया पडली, त्याच्याकडे तिनं ढुंकूनही पाहिलं नाही. बरं झालं मेल्याचं! सगळ्यात जोरात टाळ्या मी वाजवल्या.

मग यशोदा माझ्याशेजारी येऊन बसली. चिन्ह मांडीवर, मधल्या नावावर अंगठा. आणि मला माझीच शिसारी आली. मधलं नाव काय टाकू, असं चिन्ह बनवणाऱ्या दुकानदारानं मला फोनवर विचारलं होतं. मीच चटकन सांगितलं होतं, चुडामण. यशोदाला विचारावं, हे मला सुचलंसुद्धा नव्हतं.