वायरीला आठ दिवसांची नोटीस

आमच्या हिच्या मामांइतका बिनकामाच्या वायरीचा राग करणारा माणूस कल्याणपासून कर्जतपर्यंत शोधूनही सापडायचा नाही. डास, उंदीर, शेजारी यांचं ते काही मनावर घेत नाहीत. पण भिंतीतून बाहेर आलेलं आणि कुठेच न जाणारं वायरीचं टोक दिसलं की त्यांच्या घशाखाली घास उतरत नाही. भाच्याच्या लग्नाची बोलणी करायला आम्ही विठ्ठलवाडीला गेलो होतो. पोहे येईपर्यंत मामा स्टुलावर चढलेले होते. "फोन कधी काढलात?" त्यांनी मुलीच्या वडिलांना वरूनच विचारलं. ते म्हणाले, "झाली दहा वर्षं." "मग ही वायर कुणाच्या फोनची वाट बघतेय?" असं म्हणून मामांनी ती अख्खी ओढून काढली, गुंडाळी केली आणि हात धुऊन पोह्यांना बसले. लग्न जमलं. मुलाचं घराणं कामसू आहे हे मला तेव्हाच कळलं, असं मुलीची आई अजून सांगते.

मामांनी उभी हयात अंबरनाथच्या एका कारखान्यात वायरमन म्हणून काढली. तिथली शिस्त त्यांनी रिटायर झाल्यावर घरी आणली. वायर मेलेली वाटली तरी लगेच काढायची नाही. आधी तिला चिठ्ठी बांधायची, आठ दिवस थांबायचं आणि कुठल्याच खात्यातून कुणी ओरडत आलं नाही, तर ती टोकापासून टोकापर्यंत ओढून काढायची. कापायची कधीच नाही, कारण मागे राहिलेला तुकडा पुढच्या माणसाला फसवतो. घरी देव्हाऱ्यातल्या दिव्याच्या वायरीलाही एकदा अशी चिठ्ठी लागली होती. मामींनी त्याच संध्याकाळी तक्रार नोंदवली.

जांभूळला माझी रोपवाटिका आहे आणि रोपं पोचवायला एक जुना पिकअप आहे. आधीच्या मालकाने त्याचं कॉम्प्युटरवालं इंजिन काढून साधं डिझेल इंजिन बसवून घेतलं होतं. कॉम्प्युटर गेला, पण त्याच्या वायरींचं गोत डॅशबोर्डखाली तसंच राहिलं. त्यातली कुठली कधी कुणाला चिकटेल सांगता येत नसे. बारवीच्या रस्त्याला वळणावरच हेडलाइट जायचे. उल्हासनगरचा मेकॅनिक म्हणाला, "साई, सब काट देता हूँ, एक घंटे का काम है." हे मी मामांना सांगितलं आणि चूक केली. "कापायला ते काय केस आहेत?" म्हणत ते दुसऱ्या दिवशी वायरीत वीज आहे का ते दाखवणारा टेस्टलॅम्प घेऊन हजर झाले.

खरं तर त्यांना काम सांगायचं नाही, अशी त्यांच्या मुलीने आम्हा सगळ्यांना ताकीद दिली होती. ती बदलापूरला राहते. बाबांचं वय झालं, उगाच कुठे शॉक बसेल, असं तिचं म्हणणं. त्यामुळे दोन वर्षं मामांना कुणी बोलावलंच नव्हतं. "जावईबापू," ते मला म्हणाले, "ही गाडी नीट झाली की हिच्यात बसून तिच्या दारात जाणार. मग बघू कोण मला म्हातारा म्हणतं." एवढ्यासाठी ते दर शनिवारी रिक्षा बदलत जांभूळला येत राहिले.

काम चाललं की ते माझी परीक्षा घ्यायचे. वायर हातात धरून विचारायचे, "बोला, रंग कोणता?" मी पिवळा म्हटलं की, "नुसता पिवळा? पट्टी कुठली?" मग लॅम्प लावून बघायचे, जुन्या कॅलेंडरच्या कागदाची चिठ्ठी बांधायचे आणि तिची नोटीस सुरू. सासरचा माणूस जावयाची फिरकी घेतो तशातलाच प्रकार समजून मीही चोख उत्तरं देत राहिलो. तीनेक महिन्यांत दोन गोण्या वायर निघाली आणि हेडलाइट जायचे थांबले.

शेवटच्या शनिवारी मी गिऱ्हाईकात अडकलो आणि मामा गाडीत एकटेच होते. संध्याकाळी चावी फिरवली तर इंजिन नुसतं फिरे, सुरू होईना. रोपांच्या पाण्याने काढायच्या वायरीची चिठ्ठी गळून पडली होती. मामा रंगावर गेले आणि काळ्या पट्टीची वायर सोडून शेजारची लाल पट्टीची ओढून बसले. डिझेल पंपाला चालू ठेवणारी तेवढी एकच वायर होती.

मामांनी टेस्टलॅम्प खाली ठेवला. मग म्हणाले, "मला रंग कळत नाहीत, जावईबापू. साखरेने डोळे अधू झाले. डॉक्टरांनीही हात टेकले. तुम्हाला विचारत होतो ते त्यासाठी." मी एवढंच म्हटलं, "मग आजही मी सांगतो ना, कुठली वायर कुठे ते." ती त्यांनी बोटांनी चाचपून परत जोडली, हात जराही न अडखळता. पहिल्याच चावीला गाडी सुरू झाली.

मी गाडी थेट बदलापूरला त्यांच्या मुलीच्या दारात नेली. दिवेलागण झाली होती, हेडलाइट लख्ख लागले होते. ती खाली आली आणि वडिलांना गाडीत बघून रागवायच्या बेतात होती. त्या चुकीबद्दल मी अवाक्षर काढणार नव्हतो, पण मामाच म्हणाले, "वायरी मी काढल्या, रंग ह्यांनी सांगितले. आज चुकीची काढली. आता कुणाचं काम घेणार नाही." दोन वर्षं तिला हेच ऐकायचं होतं. ऐकलं आणि तिचे डोळे भरून आले. "बाबा, लाइट छान लागलेत हो," ती म्हणाली. "वर चला, चहा टाकते."

पिकअप तेव्हापासून एकदाही अडला नाही. मामांना जांभूळला बोलवायला काही निमित्त उरलेलं नाही, आणि शनिवारी मला त्याचं फार वाईट वाटतं.